लोकल इंक टाकू का?

जून लागला की मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात पासपोर्ट साइज फोटोंचा हंगाम सुरू होतो. शाळेचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, क्लासचं ओळखपत्र, शिष्यवृत्ती, बसचा पास, सगळ्यांना दोन-दोन फोटो हवे असतात. घरात फोटो प्रिंटर असलेल्यांची शाई नेमकी याच दिवसांत संपते आणि मला नेहमीचा प्रश्न येतो: "ओरिजिनल बाटली परवडत नाही. कनाकियाच्या बाजूला एका दुकानात लोकल इंक मिळते, पाव किमतीत. टाकू का?"

विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मी मात्र उलट दोन प्रश्न विचारतो: प्रिंटर कोणता आहे? आणि फोटो किती दिवस टिकायला हवा? एवढं कळलं की बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो, बाटलीचा भाव विचारावाही लागत नाही. ज्यांचा तरीही होत नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

'लोकल' म्हणजे नक्की काय?

दुकानात 'लोकल' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

- कंपॅटिबल शाई: दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेली. बाटलीवर 'अमुक प्रिंटरसाठी योग्य' असं छापलेलं असतं. ही पूर्णपणे कायदेशीर आहे. आपला माल कोणत्या यंत्राला चालतो हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव वापरायला ट्रेडमार्क कायदा परवानगी देतो.
- सुटी शाई: मोठ्या कॅनमधून बिननावाच्या बाटलीत ओतून दिलेली. कोणी बनवली, कधी बनवली, आत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
- डुप्लिकेट: एप्सन किंवा कॅननच्या हुबेहूब खोक्यात भरलेली नकली. हा गुन्हा आहे. आणि गंमत म्हणजे तिन्हींत सगळ्यात महाग हीच पडते, कारण तुम्ही ओरिजिनलच्या जवळपास पैसे मोजून बसता.

या लेखात 'लोकल' म्हणजे फक्त पहिला प्रकार. दुसरा फुकट दिला तरी घेऊ नका. तिसरा हातात आला तर काय करायचं, ते हक्कांच्या भागात सांगतो.

प्रिंटरचं हेड कुठे आहे ते पाहा

हेड म्हणजे शाईचे बारीक थेंब कागदावर फेकणारा भाग. त्याची छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात. हे हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं आहे की प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं आहे, यावर तुमची जोखीम ठरते.

*हेड कार्ट्रिजवरच असेल तर* (एचपीचे ८०३ किंवा ६७८ नंबरचे, कॅननचे ७४५-७४६ किंवा ४७-५७ नंबरचे कार्ट्रिज वापरणारे छोटे प्रिंटर) तुमचं नुकसान फार तर एका कार्ट्रिजचं. नवं कार्ट्रिज आणलं की हेडही नवं. इथे रिफिल करून बघायला हरकत नाही. फक्त कार्ट्रिज पूर्ण कोरडं पडेपर्यंत थांबू नका. या हेडमध्ये शाई क्षणभर तापवून तिच्या वाफेच्या बुडबुड्याने थेंब ढकलला जातो. शाई नसताना ते तापलं की जळतं. फिकट पट्टे दिसायला लागले की लगेच भरा. चार-पाच वेळा भरल्यावर ते कार्ट्रिज बहुधा दम तोडतं, तेव्हा ओढाताण करू नका.

*हेड प्रिंटरमध्येच असेल तर* (एप्सनचे सगळे टाकीवाले प्रिंटर) गोष्ट वेगळी. एप्सनच्या हेडमध्ये शाई तापत नाही. वीज दिल्यावर किंचित वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. त्यामुळे हेड जळण्याची भीती कमी, पण एकदा छिद्रांत गाळ बसला की ते चोक होतं, आणि नवं हेड मजुरीसकट टाकायचं तर आकडा ऐकून बहुतेक जण नवा प्रिंटर बघायला लागतात. कॅननच्या जी मालिकेत टाकी असते आणि हेड वेगळं काढता येतं, पण तेही स्वस्त नसतं.

आता हिशेब, कागद-पेन घेऊन

इथे लोकांची सगळ्यात मोठी चूक होते. बाटलीच्या किमतीला बाटलीची किंमत लावून बघतात. बघायला हवं ते एका फोटोमागे किती वाचतात हे.

एप्सनचा एल ८०५ हा सहा रंगांचा प्रिंटर मीरा रोडच्या कितीतरी फोटो आणि झेरॉक्सच्या दुकानांत आजही चालतो. त्याची ६७३ नंबरची बाटली ७० मिलिलिटरची. सहा बाटल्या म्हणजे ४२० मिलिलिटर, आणि तेवढ्यात ४ बाय ६ इंचाचे १,८०० पर्यंत फोटो निघतात असा कंपनीचा दावा आहे. भागाकार करा: एका फोटोला पाव मिलिलिटरपेक्षाही कमी शाई.

आता समजा, ओरिजिनल शाई मिलिलिटरला १० रुपये पडते आणि लोकल अडीच रुपये. (भाव सारखे बदलतात. तुमच्या दुकानातले आकडे घाला.) ओरिजिनलने एका फोटोची शाई २ रुपये ३३ पैसे, लोकलने ५८ पैसे. बचत फोटोमागे पावणेदोन रुपये. हेड साफ करण्यात वाया जाणारी शाई धरून दीडपट केली तरी अडीच-पावणेतीन रुपये.

- घरात महिन्याला २० फोटो छापत असाल, तर बचत महिन्याला ५० रुपयांच्या आसपास. वर्षाला सहाशे-साडेसहाशे. त्यासाठी हजारो रुपयांचं हेड पणाला लावायचं का, हे तुम्हीच ठरवा. मी लावणार नाही.
- दुकानात रोज ४० शीट निघत असतील (एका शीटवर आठ पासपोर्ट फोटो), तर महिन्याला हजारावर शीट होतात आणि बचत अडीच हजारांच्या पुढे जाते. काही महिन्यांत हेडची किंमत वसूल. दुकानदाराने लोकल शाई वापरण्यात शहाणपण आहे, कारण त्याचा प्रिंटर रोज चालतो आणि रोज चालणारं हेड सहसा चोक होत नाही.

कार्ट्रिजवाल्यांचा हिशेब अगदी उलटा. समजा ९०० रुपयांच्या छोट्या रंगीत कार्ट्रिजमध्ये ५ मिलिलिटर शाई आहे. मिलिलिटरला १८० रुपये झाले, टाकीवाल्या ओरिजिनल शाईच्या अठरा पट! इथे रिफिलची बचत खरी आणि जोखीम लहान.

म्हणजे लोकांचा समज बरोबर उलटा असतो. टाकीचा प्रिंटर घेतलेला घरगुती माणूस लोकल शाई शोधत फिरतो, आणि कार्ट्रिजवाला घाबरून ओरिजिनलच आणत राहतो.

एक गोष्ट राहिली. टाकीवाल्या प्रिंटरवर चांगला फोटो पेपर बहुतेक वेळा शाईपेक्षा महाग पडतो. पैसे वाचवायचे असतील तर आधी फुकट जाणारे कागद मोजा. चुकीच्या सेटिंगवर छापलेली एक शीट अनेक फोटोंच्या शाईची बचत खाऊन टाकते.

फोटो किती जगायला हवा?

लोकल शाईतल्या रंगांचा खरा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. ताजा प्रिंट बघून कोणीही फसेल. फरक उन्हात आणि हवेत दिसतो. माझ्याच घरी घडलेली गोष्ट सांगतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर, खिडकीच्या समोर, स्वस्त शाईने छापलेले चार कौटुंबिक फोटो हौसेने लावले होते. पुढच्या गणपतीपर्यंत सगळ्यांचे चेहरे काविळीने आजारी असल्यासारखे झाले. मॅजेन्टा म्हणजे गुलाबीसर रंग उडाला होता, मागे उरले पिवळा आणि हिरवट निळा.

फोटोच्या शाया दोन जातीच्या असतात. 'डाय' म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो चकचकीत कागदावर खुलतो, पण प्रकाश आणि हवेतला ओझोन त्याला लवकर खातात. 'पिगमेंट' म्हणजे रंगाचे अतिसूक्ष्म कण. ते टिकतात, पण तळाशी बसू शकतात आणि सगळ्या प्रिंटरना चालत नाहीत. घरगुती फोटो प्रिंटर बहुतेक डायवालेच. आणि ओरिजिनल म्हणजे अमर असंही नाही. २००० साली एप्सनच्याच स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर त्यांच्याच कागदावर छापलेले फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडले होते, आणि कारण निघालं हवेतला ओझोन. कंपनीने त्यातून धडा घेऊन शाया सुधारल्या. बिननावाच्या बाटलीमागे असा धडा घेणारं कोणीच नसतं.

म्हणून कामाप्रमाणे ठरवा:

- फॉर्म, प्रवेशपत्र, शाळेचा प्रकल्प, सोसायटीच्या फलकावरची सूचना: लोकल शाई चालेल.
- बँकेचं लॉकर, संस्थेची नोंदवही, वर्षानुवर्षं फायलीत राहणारा अर्ज: ओरिजिनल. फाइल बंद असते, उजेड लागत नाही, तरी ओल लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.
- परदेशी व्हिसाचा किंवा ओसीआयचा फोटो: इथे टिकाऊपणापेक्षा रंग महत्त्वाचा. त्वचेवर लाल किंवा हिरवी झाक आली, पांढरी पार्श्वभूमी निळसर पडली, तर फोटो परत येऊ शकतो. शाई बदलल्यावरचा पहिला फोटो व्हिसाचा नको.
- बारसं, लग्न, आजी-आजोबांचा भिंतीवरचा फोटो: इथे माझा सल्ला आहे, शाईच नको. डिजिटल लॅबमध्ये द्या. तिथे बहुतेक ठिकाणी फोटो शाईने छापत नाहीत. फोटोच्या रासायनिक कागदावर प्रकाश टाकून धुतात, जुन्या रोलच्या फोटोसारखे. ४ बाय ६ चा लॅब प्रिंट घरच्या प्रिंटइतकाच, कधी त्याहून कमी खर्चात पडतो आणि जास्त टिकतो. घरचा प्रिंटर घाईच्या कामाला.

बाटली घेताना

दुकानात बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. वेष्टनबंद मालाच्या वजनमाप नियमांनुसार (२०११ चे नियम) त्यावर पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात: बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, आणि बाहेरचा माल असेल तर देशाचं नाव. यातलं काहीच नसेल तर ती सुटी शाई आहे, लेबल कितीही रंगीत असलं तरी.

मग विक्रेत्याला विचारा:

1. ही डाय आहे की पिगमेंट? ("दोन्हीला चालते" असं उत्तर आलं तर बाटली खाली ठेवा.)
2. माझ्या मॉडेलसाठी वेगळी आहे की 'युनिव्हर्सल'? एकच शाई एचपी, कॅनन आणि एप्सन तिघांना चालते असं लिहिलेली बाटली टाळा. तापवणाऱ्या आणि न तापवणाऱ्या हेडच्या शाया सारख्या असू शकत नाहीत.
3. सब्लिमेशन तर नाही ना? आपल्याकडे मग, टी-शर्ट, उश्यांवर फोटो छापणारी दुकानं वाढली आहेत. त्यांची शाई वेगळी असते. ती उष्णतेने वाफ होऊन कापडात शिरते. ती त्याच प्रिंटरमध्ये चालते, तशाच बाटलीतून येते आणि फोटो पेपरवर मळकट, निर्जीव दिसते. दुकानदाराच्या शेल्फवर दोन्ही शेजारी असतात. चुकून मिळाली तर सगळी टाकी रिकामी करून धुवावी लागते.
4. सहाही रंग याच कंपनीचे आहेत ना? फिकट सायन आणि फिकट मॅजेन्टा हे दोन रंग त्वचेच्या छटा सांभाळतात. स्वस्त संचांत नेमके हेच पाणचट असतात.

लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. घरगुती वापरात ती वर्षानुवर्षं पडून राहील. शंभर मिलिलिटर पुरे. आणि बिल घ्या. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" हे वाक्य ऐकलं तरी घ्या.

टाकायचीच ठरली तर

आधी प्रिंटरमधली सध्याची शाई कोणती, ते बघा. एप्सनच्या ६७३, ००३ आणि ६६४ या सगळ्या डाय. कॅननच्या जी मालिकेतल्या ७९० मध्ये मात्र काळी पिगमेंट आणि रंगीत डाय आहेत. तिथे 'काळी ती काळी' म्हणून डाय ओतलीत तर साध्या कागदावरची अक्षरं फुटतील, आणि दोन जाती मिसळल्या तर गाठी धरून हेड बंद पडू शकतं.

- शाई बदलण्याआधी नोझल चेक (हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का, ते दाखवणारं रेषांचं पान) छापा आणि तारीख टाकून ठेवा. उद्या भांडण झालं, कंपनीशी किंवा शाईवाल्याशी, तर हा कागद बोलेल.
- ओरिजिनलवर लोकल ओतू नका. टाकीतली शाई खालच्या खुणेपर्यंत उतरू द्या. त्याखाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते आणि ती काढताना आणखी शाई वाया जाते.
- सहाही रंग एकाच वेळी बदला. एक लोकल आणि पाच ओरिजिनल असा संसार चालतो, पण चेहऱ्यांचे रंग रोज वेगळे येतात आणि दोष कुठल्या रंगाचा ते कळत नाही.
- नव्या मॉडेलांत बाटलीचं तोंड खाचा पाडून असं बनवलेलं असतं की चुकीचा रंग चुकीच्या टाकीत जाऊच नये. लोकल बाटलीला ही सोय बहुधा नसते. एका वेळी एकच झाकण उघडा, भरा, बंद करा, मग पुढचं. सिरिंज वापरत असाल तर प्रत्येक रंगाची वेगळी, आणि तिच्यावर रंगाचं नाव लिहून ठेवा.
- खाली जुनी वर्तमानपत्रं, हातात मोजे, मुलं दुसऱ्या खोलीत. डाय शाई हाताला लागली तर दोन दिवस निघत नाही आणि फरशीच्या सांध्यात गेली तर कधीच नाही.
- शाई घट्ट वाटली म्हणून त्यात पाणी, स्पिरिट किंवा पेनची शाई घालू नका. हसू नका, घालतात लोक.

भरल्यावर दहा-बारा तास थांबा, नोझल चेक काढा. रेषा तुटक आल्या तर एकदा हेड क्लीनिंग, परत चेक. दोन-तीनदा करूनही सुधारलं नाही तर रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. सलग दहा वेळा क्लीनिंग मारणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. प्रत्येक क्लीनिंगची शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजाच्या पॅडमध्ये जाते. ते पॅड भरलं की प्रिंटर काम थांबवतो. दुरुस्तीवाला लॅपटॉपवरून दोन मिनिटांत 'रिसेट' मारून पैसे घेतो, पण त्याने फक्त मोजणी शून्यावर येते, पॅड ओलंच राहतं. रिसेटबरोबर पॅड बदललं का, हे विचारा. नाही तर एक दिवस टेबलावर शाईचं तळं दिसेल. काही नव्या मॉडेलांत ही पेटी स्वतःच बदलता येते. एखादी जादा आणून ठेवा.

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. थेट भिंतीवरचा स्विच बंद केला तर हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसत नाही, उघडं राहतं आणि वाळतं. एसी असलेल्या खोलीत तर दोन-तीन आठवड्यांतच रेषा तुटतात. मे महिन्यात गावी जाणार असाल तर जाताना एक रंगीत पान, आल्याबरोबर एक. हा नियम ओरिजिनलवाल्यांनाही लागू आहे. लोकल शाईवर फोडलं जाणारं निम्मं खापर खरं तर या स्विचचं असतं.

चेहरे लाल येतात, त्याचं काय?

प्रिंटरला शाई बदलल्याचं कळत नाही. तो ओरिजिनलच्या रंगाचं गणित धरून तेवढेच थेंब टाकतो आणि नव्या शाईचा रंग किंचित वेगळा असल्यामुळे चेहरा लाल किंवा हिरवा येतो. पहिली गोष्ट, प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. 'प्लेन पेपर'वर ठेवून ग्लॉसीवर छापणं ही सगळ्यात मोठी चूक, तिने कुठलीही शाई बदनाम होते. कागदही एकच धरून ठेवा. १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी आणि २७० जीएसएमचा आरसी पेपर यांत रंग वेगळेच उतरतात.

एवढ्याने भागलं नाही तर आयसीसी प्रोफाइल. ही एक छोटी फाइल असते. या शाईने, या कागदावर, या प्रिंटरवर कोणता रंग कसा उतरतो, याचा नकाशाच म्हणा. बरे शाईवाले आपल्या शाईची फाइल देतात. नसेल तर रंगाची चौकोनं छापून, मोजणीच्या यंत्राने मोजून बनवून देणारे लोक मुंबईत आहेत. दुकानदाराला हा एकदाचा खर्च परवडतो. घरगुती वापरात एवढं करायची वेळ आली तर समजा की ओरिजिनलच स्वस्त होती.

खिडकीची परीक्षा

पन्नास बाटल्या घेण्याआधी एक घ्या आणि हे करा. एकच फोटो ओरिजिनल शाईने छापा, तोच लोकलने, त्याच कागदावर. दोन्हींचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. चार आठवडे विसरून जा. मग फॉइल काढा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून बघितलात की कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून ही परीक्षा ऑक्टोबरात किंवा मार्चनंतर घ्या. फोटो काचेच्या चौकटीत किंवा लॅमिनेशनमध्ये असेल तर हवा कमी लागते आणि तो थोडा जास्त टिकतो, पण ऊन काही लॅमिनेशनला घाबरत नाही.

वॉरंटी आणि तुमचे हक्क

प्रिंटरची वॉरंटी साधारण एक वर्षाची किंवा ठरावीक पानांची असते, जे आधी संपेल ते. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर लिहिलेलं असतं की दुसऱ्याची शाई वापरल्याने झालेलं नुकसान भरून देणार नाही. शब्द नीट वाचा: *शाईमुळे झालेलं नुकसान.* लोकल शाई घातली म्हणजे सगळी वॉरंटी गेली, असं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तोंडी सांगितलं जातं. कागद ओढणारा रबरी रोलर झिजला किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेला, तर त्याचा शाईशी काय संबंध?

आपल्याकडे अमेरिकेसारखा खास कायदा नाही. तिथे १९७५ पासून वॉरंटीसाठी विशिष्ट ब्रँडचाच माल वापरायची सक्ती करता येत नाही, आणि २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटच्या जोरावर हक्क सांगता येणार नाही, असा निकाल दिला. आपल्याकडे जवळचं उदाहरण मोटारींचं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याला हरकत घेतली होती. हा आदेश अपिलांत गेला आणि तो प्रिंटरचा नाही, पण तुमच्या पत्रात उल्लेख करायला उपयोगी आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं हा 'निर्बंधक व्यापारी व्यवहार' मानला आहे.

म्हणून सर्व्हिस सेंटरवर वाद घालत बसू नका. पुढचं करा:

1. जॉब शीट मागा. तीत बिघाड कोणता, कारण काय, हे लिहून घ्या. "लोकल इंक" एवढंच लिहिलं तर विचारा, शाईने हा भाग कसा बिघडला? तेही लिहून मागा.
2. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, सोबत बिल, जॉब शीट आणि जुना नोझल चेक.
3. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. छोट्या तक्रारी इथेच मिटण्याची शक्यता जास्त.
4. त्याहून पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची, अर्ज 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइनही होतो.

शाईवाल्यावरही हेच हक्क लागू आहेत, हे लोक विसरतात. लेबलवर 'अमुक मॉडेलसाठी योग्य' लिहिलेली शाई घालून हेड गेलं, तर सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तिच्या बनवणाऱ्याकडे मागता येते. अट एकच, बिल हवं आणि बाटली जपून ठेवलेली हवी. ऑनलाइन घेतलेली शाई वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढायची सवय ठेवा. हातात आलेली बाटली डुप्लिकेट वाटली तर प्रिंटरमध्ये घालू नका, फोटो काढून मूळ कंपनीला पाठवा. नकली माल पकडण्यात त्यांनाच सगळ्यात जास्त रस असतो.

एचपीच्या काही प्रिंटरांची एक वेगळी खोड आहे. सॉफ्टवेअर अपडेट झालं की काल चालणारं दुसऱ्या कंपनीच्या चिपचं कार्ट्रिज आज चालत नाही. कंपनी हे लपवत नाही, खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. प्रिंटर घेतानाच ते वाचा. रिफिलच करायचं असेल तर एचपीचंच जुनं कार्ट्रिज भरून वापरा, चिप मूळचीच राहते.

जुना प्रिंटर घेताना आणि देताना

एल ८०५ किंवा ए-३ आकाराचा एल १८०० जुना घेण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो. घ्यायच्या आधी तीन गोष्टी करा. नोझल चेक स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्या, आधी छापून ठेवलेला नको. नळ्यांकडे बघा. त्यांत शाईऐवजी हवेचे तुकडे दिसत असतील तर यंत्र बरेच दिवस बंद आहे. आणि सरळ विचारा की यावर मग-टीशर्ट छापलेत का? फोटो पेपरवर एक चेहरा छापून बघा. सब्लिमेशनची शाई असेल तर चेहराच सांगेल. अशी शाई असलेला प्रिंटर धुऊन फोटोसाठी वापरता येतो, पण धुण्याची शाई आणि वेळ किमतीतून वजा करून मागा.

तुम्ही विकणार असाल, तर कोणती शाई घातली होती ते टाकीजवळ चिठ्ठीवर लिहून द्या. घेणाऱ्याने नकळत दुसरी जात ओतली तर त्याचं हेड जाईल आणि तो तुमच्याच दारात उभा राहील. रिकामी कार्ट्रिजं आणि पूर्ण निकामी प्रिंटर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजं नावानिशी आहेत, ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीच्या परत घेण्याच्या योजनेत द्यायची. उरलेली शाई बेसिनमध्येही ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांत शोषून, पिशवी घट्ट बांधून, वेगळी ठेवून द्या आणि सफाई कामगाराला आत काय आहे ते सांगा, नाही तर पिशवी फुटून त्याचे हात आठवडाभर निळे राहतात.